या खोलीबाहेर जाणार नाही

१६ जून

आज शाळा उघडली आणि मी जीवशास्त्राची बाई राहिले नाही. आजपासून काउन्सेलर. शाळेत एक काउन्सेलर पाहिजेच असं वरून आलं. आमच्या प्रिन्सिपल पारुलबेननी स्टाफरूमभर नजर फिरवली, आणि समुपदेशनाचा डिप्लोमा हौसेनं करून बसलेली मी एकटीच सापडले. झालं. "मंदाबेन, तमने तो आ बधुं गमे ज छे," तुम्हाला तर हे सगळं आवडतंच, म्हणाल्या आणि माझ्या हातात किल्ली ठेवली.

किल्ली कशाची, तर स्पोर्ट्सच्या सामानाच्या खोलीची. अर्ध्या खोलीत क्रिकेटचे पॅड आणि हवा गेलेले फुटबॉल, उरलेल्या अर्ध्यात मी, एक टेबल आणि दोन खुर्च्या. त्या पॅडना असा काही वास येतो की तिथं कुणी मन मोकळं कसं करायचं, देव जाणे.

घरी मुकुंदना सांगितलं. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून नवरोजींना माझी चेष्टा करायला अख्खा दिवस मोकळा असतो. म्हणाले, "काउन्सेलरनं सल्ला द्यायचा नसतो, ऐकायचं असतं म्हणे. तू? विश्वामित्री नदीतली मगर एक वेळ एकादशी धरेल." मी बोलले नाही. म्हणजे आजच्यापुरती एकादशी झाली.

डिप्लोमाच्या बाईंनी बजावलं होतं की अधूनमधून लिहीत जा, मुलांबद्दल नव्हे, स्वतःबद्दल, आणि मुलांची नावं लिहू नका. नावांचं मला जमणार नाही. नावाशिवाय माणूस माझ्या डोळ्यांपुढे उभाच राहत नाही. डायरी कुलपात ठेवीन.

२४ जून

आतापर्यंत माझ्याकडे जेवढी मुलं आली त्या सगळ्यांना फुटबॉल हवा होता.

जो शिक्षक गैरहजर त्याचा तास माझ्या गळ्यात. "फ्री छो ने, मंदाबेन?" आज सातवीला हिंदी शिकवलं. त्यानंतर पारुलबेननी तीन मुलं पाठवली, लॅबची काच फुटली होती म्हणून. यांच्याकडून नाव काढून घ्या, असा निरोप. मी जाऊन म्हटलं, बेन, शिक्षा करणं वेगळं आणि माझं काम वेगळं. मी पोलीस झाले तर उद्या कुणी दारात उभं राहणार नाही. "बराबर छे, बराबर छे," म्हणाल्या, "पण काच कोणे तोडी?"

१ जुलै

आज पहिली खरी मुलगी आली.

अकरावी सायन्सची संयोगिता माने. तिच्या क्लासटीचर शैलाबेन स्वतः घेऊन आल्या. रोज उशिरा येते, शेवटच्या बाकावर झोपते, विचारलं की गप्प. मला बाजूला घेऊन कुजबुजल्या, "छोकरानुं चक्कर छे, मंदाबेन. हूं ओळखुं ने."

मी नाव वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं. म्हणजे आपल्यातली! आजोबा-पणजोबा गायकवाड सरकारच्या फौजेत असणार. आमचेही तेच. मी लगेच मराठीत सुरू केलं. कुठं राहता, दांडिया बाजारात कोण कोण आहे, आई काय करते, सगळं विचारलं. मराठी पोर, इंग्रजी शाळा, गुजराती मैत्रिणी, अशा ठिकाणी आपल्या भाषेत कुणी बोललं की गाठ सैल होते. पण ही उत्तर देते ते गुजरातीत. "सारुं छे. घरे ज होय छे मम्मी." मी पुन्हा मराठी, ती पुन्हा गुजराती. काय ही आजची मुलं, घरची भाषा बोलायची लाज वाटते.

डिप्लोमात शिकवलेलं की पहिल्याच भेटीत अटी सांगून टाकायच्या: तुझं बोलणं गुप्त राहील, पण तुझ्या किंवा कुणाच्या जिवाला धोका आहे असं कळलं, किंवा तुला कुणी त्रास देतंय असं दिसलं, तर मला सांगावं लागेल. जिभेच्या टोकावर आलं होतं. पण पोरगी आधीच दाराकडे बघत होती. तिच्यापुढे विमा एजंटसारख्या अटी काय वाचायच्या? मी तिचा हात धरला आणि म्हटलं, "तू इथे जे बोलशील ते या खोलीबाहेर जाणार नाही. माझा शब्द."

तिनं पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. मला वाटतं मी जिंकले.

९ जुलै

संयोगिता आपणहून आली. मधल्या सुट्टीत, डबा न खाता.

प्रेमप्रकरण वगैरे काही बोलली नाही. तिनं चक्क जीवशास्त्र विचारलं. मॅडम, माणसानं किती झोपलं तर ते जास्त झालं म्हणायचं? दिवसभर पडून राहणं आणि झोपणं यात फरक काय? हाक मारल्यावर उशिरा उठलं तर ती नुसती झोपच असते का? मला तर जुना तास परत मिळाल्यासारखं झालं. मेंदू, झोपेच्या पायऱ्या, सगळं फळ्याशिवाय समजावलं. ती एकेक शब्द ऐकत होती. इतकी लक्ष देणारी विद्यार्थिनी मला कित्येक वर्षांत मिळाली नव्हती.

हुशार मुलगी आहे. मेडिकलला जाईल. तसं मी शैलाबेनना सांगितलंही.

२३ जुलै

शैलाबेन म्हणतात, रोज मधल्या सुट्टीत ही ऑफिसात जाऊन फोन लावते. मिनिटभर, त्याहूनही कमी. मुलगाच, दुसरं कोण.

मी सरळ विचारलं. (सल्ला नाही दिला, फक्त विचारलं. मुकुंदनी टिपून ठेवावं.) म्हणाली, मम्मीला लावते. मी म्हटलं, काय बोलता गं एवढं रोज? "कंई नहीं. मम्मी फोन उपाडे छे, बस." काही नाही, मम्मी फोन उचलते, एवढंच.

आता माझीही मुलगी आहे, पुण्यात नोकरीला. ती मला आठवड्यातनं एकदा फोन करते तोही बेसनाचं प्रमाण विचारायला. सोळा वर्षांची मुलगी आईला रोज फोन करते आणि काही बोलत नाही, हे मी ऐकून घेतलं, पण पटलं नाही. शैलाबेनचंच खरं असावं. बोलेल हळूहळू.

६ ऑगस्ट

ती येते, बसते, पॅडकडे बघते, घंटा झाली की जाते. मी मराठीत बोलते, ती दोन शब्द गुजरातीत. कधी कधी खुर्चीतच डुलकी लागते. आज मी उठवलं नाही.

दप्तर मात्र मांडीवरून खाली ठेवत नाही. म्हटलं, ठेव की गं बाजूला, फुटबॉल काही चोरणार नाही तुझी पुस्तकं. हसली नाही.

मला काही जमत नाहीये बहुतेक. इतकी वर्षं प्रश्न विचारून उत्तरं मिळवायची सवय. इथं उत्तर माहीत असलेला माणूस समोर बसतो आणि मला ते मिळत नाही. आज स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, मंदाबेनना आराम आहे, बसायचा पगार. लागलं मला ते.

२९ ऑगस्ट

गणपती. मंडळात आरतीला गेले होते. मोदक बरे होते, गूळ कमी.

तिथं प्रतापसिंह माने भेटले, संयोगिताचे वडील. रिफायनरीत शिफ्टला असतात. चेहऱ्यावरून ओळखलं मी, मुलीचं नाक अगदी तेच. मुद्दाम पुढं होऊन म्हटलं, "तुमची संयोगिता फार गोड आहे हो, येते माझ्याकडे अधूनमधून. काही काळजी करू नका." दोन बायका ऐकत होत्या, त्यांनाही बरं वाटलं असेल, आपल्यातली बाई शाळेत आहे म्हणून. ते म्हणाले, "येते म्हणजे? कशासाठी?" मी म्हटलं, असंच, गप्पा मारायला. "हो का," म्हणाले आणि प्रसाद घ्यायला गेले. मितभाषी गृहस्थ. बायको आली नव्हती, बरं नाही म्हणाले.

एक काम चांगलं झालं. घरच्यांचा विश्वास असला की अर्धं काम होतं.

१२ सप्टेंबर

गणपती गेले, संयोगिता फिरकली नाही. निरोप पाठवला तर म्हणे टेस्ट आहे. व्हरांड्यात समोर आली आणि जिन्याकडे वळली. टेस्ट असेल. नाही तर मी काय केलंय?

मुकुंदना विचारलं, म्हणजे नाव न घेता. ते पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "तू कुणाला काही बोललीस का?" मी म्हटलं, छे.

१८ सप्टेंबर

आजचं आजच लिहायला हवं.

नवरात्र जवळ आलं की मुलं मोबाइल आणतात, रात्री गरब्याला कोण कुठे भेटणार ते ठरवायला. म्हणून आज दुसऱ्या तासाला अकरावीची दप्तरं तपासली. संयोगिताच्या दप्तरात मोबाइल नव्हता. नॅपकिनमध्ये बांधलेली गोळ्यांची पाकिटं होती. बरीच. निरनिराळी.

पारुलबेनच्या केबिनमध्ये ती भिंतीला टेकून उभी, शैलाबेन रडवेल्या, पारुलबेन टेबलावरची पाकिटं पेनानं उलटीपालटी करतायत. नशा करते, विकते, कोण देतं, एकामागून एक प्रश्न. पोरगी तोंड उघडेना. पारुलबेन मला म्हणाल्या, शाळा सुटेपर्यंत बोलली तर ठीक, नाहीतर एल.सी. हातात देणार, घरी जा आणि दुसरी शाळा शोधा. "तमे तो काउन्सेलर छो. कढावी लो ने."

मी तिला खोलीत आणलं. पाकिटंही मागून घेतली. दार लावलं आणि म्हटलं, "बाळा, घाबरू नकोस. मला सांग. मी काय परकी आहे का? मी आपलीच आहे ना."

ती म्हणाली, "एटले ज नथी केहवुं."

आपलीच आहात म्हणूनच नाही सांगायचं. मला आधी कळलंच नाही. मग ती एका दमात बोलली, आवाज न चढवता. तुम्ही आरतीच्या वेळी पप्पांना सांगितलंत मी तुमच्याकडे येते. त्या दोन काकूंनी मम्मीच्या मावशीला सांगितलं. पप्पांनी घरी विचारलं, घरातलं काय सांगतेस शाळेत जाऊन? मम्मी त्या दिवशी जेवली नाही. शाळेत मराठी बोलणारं कुणी भेटलं की मला भीती वाटते, कारण ते सगळे मम्मीला ओळखतात.

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. विश्वासाचं काम चांगलं झालं म्हणून मी इथंच लिहिलंय, या डायरीत. काय म्हणावं बाई तुला, मंदा.

मग मी गुजरातीत म्हटलं की मी चुकले, आणि तुला पाहिजे त्या भाषेत, पाहिजे तेवढंच बोल. माझं गुजराती बाजारातलं. भाजी घेण्यापुरतं चालतं, माफी मागायला पुरत नाही. ती म्हणाली, "मॅडम, तमारुं गुजराती बहु खराब छे." मी म्हटलं, खबर छे. आणि मग ती बोलू लागली. तिचं गुजराती मी इथं मराठीत लिहितेय.

मम्मीला खूप दिवसांपासून बरं नाही. ताप नाही, काही नाही. नुसती पडून असते. बोलत नाही, केस विंचरत नाही. मागच्या उत्तरायणला, म्हणजे संक्रांतीला, सगळे गच्चीवर पतंग उडवत होते, ही पाणी प्यायला खाली आली, तर मम्मी ओंजळीत गोळ्या घेऊन पलंगावर बसलेली. कुठल्या कुठल्या, आजी होती तेव्हाच्यासुद्धा. म्हणाली, काही नाही गं, बघत होते. संयोगितानं त्या काढून घेतल्या. तेव्हापासून घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी डोकेदुखीचीसुद्धा, ती रोज दप्तरात घालून शाळेत आणते आणि घरी गेल्यावर स्वतःच्या उशाखाली ठेवते. सकाळी मम्मीची अंघोळ आणि चहा होईपर्यंत घर सोडत नाही, म्हणून उशीर. रात्री कान देऊन पडते, म्हणून वर्गात झोप. मधल्या सुट्टीत फोन, मम्मी उचलते का बघायला.

मी तिला झोपेच्या पायऱ्या शिकवल्या होत्या. हुशार आहे, मेडिकलला जाईल म्हटलं होतं. पोरगी आई जिवंत आहे की नाही ते ओळखायला शिकत होती.

आत्ता घरात कोण आहे, मी विचारलं. पप्पा. आज सेकंड शिफ्ट, दुपारी निघतील.

मी म्हटलं, संयोगिता, हे मला पप्पांना सांगावं लागेल. आजच.

ती ताडकन उठली. "तमे वचन आप्युं हतुं." शब्द दिला होता तुम्ही.

दिला होता. तो द्यायला नको होता तसा. मी तेच सांगितलं. जिवाचा प्रश्न असेल तर मी गप्प राहू शकत नाही, हे पहिल्या दिवशी तुला सांगायचं माझं काम होतं, मी सांगितलं नाही, तू चिडली असशील तर बरोबर आहेस. पण तुझ्या पाठीमागे एक अक्षर बोलणार नाही. तू इथंच बस, मी तुझ्यासमोर फोन करते, तुझ्यासमोर बोलते. आणि काय सांगायचं नाही ते तू मला सांग. ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. मग तशीच म्हणाली, मम्मी वेडी आहे असं म्हणू नका. म्हटलं, नाही म्हणणार. ती वेडी नाहीच. ती आजारी आहे.

मी फोन लावला. म्हटलं, प्रतापराव, आत्ता शाळेत या. आणि ताईंना एकटं ठेवू नका, कुणाला तरी जवळ बसवून या. का म्हणून विचारू नका फोनवर. शेजारच्या कमळाबाईंना बसवून ते आले, रिफायनरीच्या गणवेशातच.

दारातूनच, "वहिनी, काय झालं?"

मी म्हटलं, आत्ता मी वहिनी नाही. शाळेची मॅडम आहे. आणि सगळं सांगितलं, संयोगिता ऐकत असताना, तिनं सांगितलेल्या शब्दांत. ते मान हलवत राहिले. आमच्या घरात असलं काही नाही. थकते ती थोडी. पावसाळ्यात होतं तिला. मी नॅपकिन उलगडला आणि पाकिटं त्यांच्यासमोर ठेवली.

त्यांनी एक पाकीट उचललं, मागची तारीख वाचली, परत ठेवलं. मग मुलीला म्हणाले, "घरात एकही गोळी दिसायची नाही. मला वाटलं अहल्यानं औषधं सोडली, बरी झाली ती." नॅपकिनकडे बोट केलं. "रोज आणतेस हे?"

तिनं मान डोलावली.

"मला का नाही सांगितलंस?"

ती मराठीत म्हणाली, "तुम्हीच म्हणाला होता, घरातलं बाहेर काढायचं नाही."

"मी बाहेरचा का गं?" प्रतापसिंह म्हणाले, आणि ओंजळीत तोंड धरून बसून राहिले. संयोगिता जवळ गेली नाही. पण दप्तर खाली ठेवलं आणि दुसऱ्या खुर्चीवर बसली, आणि बसल्या बसल्या झोपली. खरंच झोपली. आम्ही दोघं हळू आवाजात बोलत राहिलो. मोठ्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचा विभाग आहे, आजच न्यायचं, मी बरोबर येते. त्यांना एकच काळजी. तिथं कुणी ओळखीचं भेटलं तर? मी म्हटलं, भेटलं तर तेही तिथं दाखवायलाच आलेले असतील ना.

पारुलबेनना जाऊन म्हटलं, गोळ्या तिच्या नाहीत, ती घेत नाही, विकत नाही. याच्यापुढे मी काही सांगणार नाही, नोकरी गेली तरी. मला वाटलं, आता ऐकायला मिळणार. "नथी जोईतुं मारे," नकोच मला, म्हणाल्या. "छोकरी सलामत छे ने?" हो म्हटलं. एल.सी.चा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. इतकी वर्षं मी या बाईला नुसती खडूस समजत होते.

संध्याकाळी अहल्याताईंना दाखल करून घेतलं. रिक्षातून उतरताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला. पिसासारख्या हलक्या झाल्यात अगदी. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आणलंत.

वेळेवर मी नाही आणलं. पण आणलं. देवा, आणलं.

१९ सप्टेंबर

काल घरी येऊन मुकुंदना एवढंच म्हणाले की आज फार मोठं काहीतरी होता होता राहिलं. ते काही विचारत बसले नाहीत. सकाळी सेव-उसळ आणली आणि माझ्या वाटीत जास्त रस्सा घातला. मी खाता खाता रडले. सुटल्यासारखं वाटलं.

२ ऑक्टोबर

दसरा. अहल्याताई घरी आल्या. औषधं चालू, दर आठवड्याला दाखवायला जायचं. गोळ्या आता प्रतापरावांच्या ताब्यात, छोट्या कुलपाच्या डब्यात. त्यांनी जनरल शिफ्ट मागून घेतली. सोनं द्यायला आले होते तेव्हा सांगितलं. मुलगी आली नव्हती.

१८ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी संपली. संयोगिता शाळेत वेळेवर येते. पहिल्या बाकावर बसते, शैलाबेन सांगत होत्या, आणि त्यांनीच कबूल केलं, "हूं खोटी पडी, मंदाबेन."

माझ्याकडे मात्र बघत नाही. समोरून आली की नजर पलीकडे. मी अपराधी आहेच. एकदा आरतीत बोलले, एकदा शब्द मोडला. दुसऱ्यांदा मोडला ते बरोबर केलं, हे मला ठाऊक आहे. तरी वाईट वाटतं, काय करू?

आता कुणीही मूल आलं की मी आधी अटी सांगते. काय गुप्त राहील, काय राहणार नाही, कधी नाही. आज आठवीतला मयंक ते ऐकून म्हणाला, "मॅडम, मला फक्त माझ्या भावाची तक्रार करायचीय." म्हटलं, कर की. पण अटी ऐकून कुणी पळून गेलं नाही अजून. उलट खुर्चीत नीट बसतात. आणि गणपती मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपमधून मी बाहेर पडले. फार बोलतात तिथं.

१३ डिसेंबर

पालकसभा. अहल्याताई आल्या होत्या, प्रतापरावांबरोबर. साडी नीट, केस विंचरलेले, चेहरा अजून ओढलेला. सभा संपल्यावर एकट्या माझ्या खोलीत आल्या. बसल्या नाहीत.

म्हणाल्या, "संयोगिता तुमच्यावर रागावलीय, माहीत आहे मला. मीही रागावले होते. सगळ्या गावाला माझा आजार दाखवलात असं वाटलं होतं."

मी म्हटलं, "तिचा राग जायला हवा असं नाही. मी समजू शकते."

"रागावू द्या तिला. माझ्यावर रागावायची तिला भीती वाटते अजून." पदर सारखा केला आणि गेल्या.

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला नीट कळलं नाही. माझ्यावर रागावण्यानं आईचं काय जातं? पण बोलल्या, चालत आल्या, दारात चपला घालताना वाकल्या आणि उठल्या. मला तेवढं पुरे.

२७ जानेवारी

आज मधल्या सुट्टीत दार धाडकन उघडलं. संयोगिता. डोळे सुजलेले, नाक लाल. खुर्ची ओढली आणि बसली. काय झालं घरी, कुणाला काय झालं, फोन कुणाला लावू, सगळं एका क्षणात डोक्यातनं गेलं. तरी आधी तिला बोलू दिलं.

"मॅडम, दीप्ती सहलीत माझ्या शेजारी नाही बसणार."

मी पाण्याचा ग्लास तिच्याकडे सरकवला.

दीप्ती तिची मैत्रीण. पावागढची सहल आहे. बसमधल्या सीटा कधीच्या ठरल्या होत्या, दीप्ती खिडकीत, ही तिच्या शेजारी. काल दीप्ती म्हणाली, मी भक्तीबरोबर बसते. का, तर भक्तीला बस लागते आणि दीप्तीकडे आवळासुपारी असते. "आवळासुपारी मीपण आणू शकते ना, मॅडम? हे कारण आहे का?" तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

"मग घरी जाऊन मम्मीला सांगितलं, तर मम्मी म्हणाली, एक सीटच तर आहे. मी इतकी भांडले, इतकी भांडले मम्मीशी. म्हटलं तुला काही कळत नाही. दार आपटलं."

"मम्मीशी भांडलीस?" मी विचारलं. माझा आवाज मला वेगळाच वाटला.

"हो. ती पण ओरडली माझ्यावर. दार तुटलं तर पप्पा तुझं डोकं फोडतील म्हणाली. मी जेवले नाही. मग तिनं थेपले केले आणि ताट खोलीत आणून आदळलं. मी नाही बोलले तिच्याशी. सकाळी पण नाही बोलले. अजून राग आहे मला."

रात्री किती झोपलीस, असं विचारणार होते. विचारलं नाही. गाल गुबगुबीत दिसत होते. ऑफिसात फोन लावायला जायचं नाव तिनं एकदाही काढलं नव्हतं, आणि मधली सुट्टी संपत आली होती.

घंटा झाली. मी शैलाबेनना निरोप पाठवला की संयोगिता पुढच्या तासाला माझ्याकडे आहे, काम महत्त्वाचं आहे. मग दार लावलं, तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, "हं. दीप्ती नेमकं काय म्हणाली, ते मला पहिल्यापासून सांग."